दोरी धरणारी पोरं द्या

बेळगाव,
कार्तिक संपता संपता

प्रति,
बेळगाव शहर व तालुका, खानापूर आणि निपाणी भागातल्या सर्व युवक मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि कुठलंही पद नसताना राबणारी पोरं यांस,

स. न. वि. वि.

पत्र सगळ्यांदेखत लिहितोय त्याला कारण आहे. एकेका मंडळात जाऊन बोललो असतो तर चहा मिळाला असता, ‘बघूया की काका’ मिळालं असतं आणि विषय कट्ट्यावरच राहिला असता. तुमच्यातले निम्मे मला ओळखतात. शहापुरातलं फ्लेक्सचं दुकान. तुमच्या गणपतीचे, शिवजयंतीचे, वाढदिवसांचे आणि श्रद्धांजलीचे बोर्ड गेली अठरा वर्षं मीच छापतो. त्याआधी नऊ वर्षं एका मंडळाचा सेक्रेटरी होतो. पावतीपुस्तक, पोलिसांची परवानगी, विसर्जनाचा ट्रॅक्टर, सगळं केलंय. तेव्हा हा कोण बाहेरचा निसर्गवाला आम्हाला शिकवायला आला, असं कृपा करून समजू नका.

गेले पाच हिवाळे मी कारवारकडच्या एका किनाऱ्यावर जाऊन राहतो. एका वेळी आठ-दहा दिवस, दुकान मुलावर सोडून. तिथं वनखात्याच्या माणसांबरोबर समुद्री कासवांची घरटी राखायचं काम असतं. पगार नाही. झोपायला एका मच्छीमाराच्या घरची ओसरी, जेवायला त्यांच्याकडचंच, आणि त्याचे पैसे आपण द्यायचे. किनाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की येत्या रविवारी पंचवीस गाड्या तिथं उभ्या राहतील, आणि त्यातल्या दहा गाड्यांच्या काचेवर मीच कापलेले स्टिकर असतील.

पुण्य जोडायला म्हणून काही मी तिथं गेलो नव्हतो. ‘वाळूत गाडी घालू नये’ असे चार फलक करून लावायचं काम मिळालं होतं. लावून होईपर्यंत अंधार पडला. तिथला गार्ड म्हणाला, आता घाटातून कुठं जाता, रात्री रहा, काही दिसलं तर दाखवतो. आमच्यासारख्या घाटावरच्या माणसाला समुद्र म्हणजे दुपारी बारा ते पाच. रात्रीचा समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा ऐकला, कारण गार्डनं बॅटरी लावू दिली नाही. दीडच्या सुमाराला त्यानं माझा दंड धरून खाली बसवलं. वाळूवर वीसेक फुटांवर काहीतरी काळं सरकत होतं, आणि धाप लागलेल्या म्हशीसारखा श्वास येत होता.

आपण लहानपणापासून एक घोषणा देत आलो: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी. १ नोव्हेंबरला अजूनही देतो. सीमाप्रश्नावर मी इथं काही बोलणार नाही. ते बोलायला व्यासपीठं पुष्कळ आहेत, त्यांचे बॅकड्रॉपही मीच छापतो. पण त्या घोषणेत दुसरं नाव कारवारचं आहे आणि मनापासून सांगा, त्या कारवारची आपल्याला काय माहिती आहे? बांगडे, नेव्हीचा तळ, आणि पावसात दरड कोसळून बंद पडणारा अणशी घाट. काळी नदी जोयड्याच्या जंगलात डिग्गीजवळ उगम पावते, सुपा धरणात अडते, दांडेली आणि कद्रा करत सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला जुना पूल कोसळला तेव्हा आपण दोन दिवस व्हिडिओ पाठवले, इतकाच आपला संबंध. पण त्याच पुलाच्या आत खाडीच्या दोन्ही अंगांना कांदळाची झाडं गुडघ्याएवढ्या चिखलात मुळांवर उभी आहेत, मासळीची पिल्लं त्या मुळांत वाढतात, हे मला पन्नाशीत कळलं. माजाळीच्या पुढं तिळमातीला वाळू खरोखर तिळासारखी काळी आहे, हेही तेव्हाच. घोषणा मात्र पाचवीपासून पाठ.

आता कासवाबद्दल थोडं, म्हणजे काम काय असतं ते कळेल.

आपल्या बाजूच्या समुद्रात अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. लांबीला दोन फुटांच्या वर, वजनाला पस्तीस-चाळीस किलो. म्हणजे सिमेंटचं पोतं थोडं सुटलेलं. कारवारला येतं, होन्नावरजवळ कासरकोडला येतं, हद्दीपलीकडं गोव्यात गालजीबाग आणि आगोंदला येतं, वर रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला येतं. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत हंगाम. मादी रात्री वर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू बघून मागच्या पायांनी दीडेक फूट खड्डा घेते. खड्डा घागरीसारखा असतो, तोंड अरुंद आणि पोट मोठं. पाय मागं आणि डोळे पुढं, म्हणजे न बघता. कुंभाराला चाक लागतं, तिला तेही लागत नाही. त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, वरून अंगानं थापटते आणि निघून जाते. मागं वळून बघत नाही. पुढं पंचेचाळीस ते साठ दिवस त्या अंड्यांना आई नाही, बाप नाही. वाळूची ऊब तेवढी. आणि ऊब किती त्यावर नर का मादी ते ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. म्हणून मार्चच्या उन्हात हॅचरीवर हिरवी जाळी बांधायची असते. ‘हॅचरी’ म्हणजे काही मोठं नाही, कुंपण घातलेला वाळूचा तुकडा. आपल्या मंडपाहून लहान.

सगळी घरटी तिथं हलवत नाहीत. जे भरतीच्या पाण्यात बुडणार किंवा कुत्र्यांच्या वाटेवर आहे तेवढंच उचलतात, तेही अंडी घातल्यावर काही तासांच्या आत. अंडं उलटंसुलटं करायचं नाही, जसं होतं तसंच टोपलीत, खाली त्याच घरट्यातली ओली वाळू. हे काम गार्डचं आणि तिथल्या जाणत्या माणसांचं. आपण हात लावायचा नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या, म्हणजे १९७२ च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीत आहे. अंड्याला खातेबाह्य माणसानं मनानं हात घातला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. वाघाला जे कलम तेच याला.

मग आपण काय करायचं? मोजायचं. माझ्या दुसऱ्या वर्षी गार्ड हावेरीकडचा होता, मराठी शून्य. तो अंडी खड्ड्यात ठेवताना कानडीत मोजायचा, मी शेजारी बसून मराठीत. शेवटी तो म्हणाला ‘नूरा हन्नोंदु’, मी म्हणालो एकशे अकरा. मग दोघं एकदम म्हणालो, बरोबर. हा शब्द दोन्हीकडं चालतो. रजिस्टर कानडीत लिहायचं असतं. मला कानडी वाचता येतं, लिहिताना हात अडखळतो, पण आकडे तरी नीट लिहितो. तिथं माझं कानडी जेवढं सुधारलं तेवढं बेळगावात चाळीस वर्षांत सुधारलं नाही. आता यावरून कुणी माझ्या दुकानावर मोर्चा आणू नये.

भरतीची वेळ कशी काढायची ते एका गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, म्हातारीनं शिकवलं. तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मी आयुष्यभर तिथ्या छापल्या, हार्दिक शुभेच्छांसकट, पण तिथीचा असा उपयोग असतो हे माहीत नव्हतं. ती सांगते, तिच्या लहानपणी कासवाची अंडी घरोघर खात, आणि सांगताना लाजतही नाही. आता तिचाच नातू पहाटे रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जाताना कासवाचा माग दिसला की येऊन सांगतो, ‘कासव आयलां.’ माग ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा असतो, तो लाटेनं पुसायच्या आत घरटं शोधावं लागतं. किनाऱ्यावरची पहिली बातमी नेहमी मच्छीमाराकडून येते. आपण शहरातली माणसं वर्तमानपत्रात ‘निसर्गप्रेमींनी वाचवलं’ वाचतो, तेव्हा त्या बातमीच्या मुळाशी असं एखादं रापणीवरचं पोर असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुम्हाला थोडं लागेल.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा. भरती उतरायला लागली होती. मी आणि गार्ड सुरूच्या बनाच्या कडेला बसलो होतो. मादी वर आली, पाण्यापासून तीसेक पावलं चालून थांबली आणि वाळू हुंगल्यासारखं डोकं खाली घातलं. एवढ्यात बनापलीकडून दोन क्रूझर आणि एक टीटी, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, थेट वाळूत उतरली. हेडलाइट, वर लावलेला हॅलोजन, आणि डिकीतला साउंड. सगळा किनारा लख्ख झाला. मादी जागच्या जागी वळली. ज्या वेगानं वर आली त्याच्या दुप्पट वेगानं पाण्यात गेली. पोटात शंभर अंडी घेऊन. सकाळी तिथं घोड्याच्या नालेसारखा माग होता, जायचा आणि यायचा, मध्ये खड्डा नाही. ती त्याच रात्री दुसरीकडं कुठं चढली का, दुसऱ्या दिवशी परत आली का, कुणास ठाऊक. कासवाच्या पाठीवर नाव नसतं.

मी तावातावानं गाड्यांकडं गेलो. टीटीच्या मागं बॅनर होता: ‘वार्षिक सहल’. सहा फोटो, मधला थोडा मोठा. मधला का मोठा तेही मला माहीत होतं, त्यानं बॅनरचे पैसे दिले होते. माझ्याच मशिनवर गुरुवारी निघालेला बॅनर. फॉन्ट मीच निवडलेला.

मंडळाचं नाव लिहीत नाही. पोरांनी मला ओळखलं. ‘काका, तुम्ही इथं काय करूलालाय?’ एकानं चिकनची प्लेट पुढं केली. मी जे सांगायचं ते सांगितलं, आवाज चढलाच. आणि इथं मला त्या पोरांचं खरं ते लिहिलं पाहिजे: दोन मिनिटांत साउंड बंद, लाइट बंद, शेकोटीवर वाळू. एकानं उलटून विचारलं, ‘मग हे आधी कुणी सांगितलं नाही ते?’ त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. चार फलक मी लावलेले होते, पण ते रस्त्याच्या बाजूला, कानडीत आणि इंग्रजीत. आणि रात्री फलक कोण वाचतो.

ती पोरं त्या रात्री गेली नाहीत. गाड्या वर रस्त्यावर घेतल्या आणि तिथंच झोपली. पहाटे पाचला डिसेंबरमधलं एक घरटं फुटलं. वाळू आधी मध्ये खचते, उकळत्या भातासारखी हलते, आणि मग एक काळं डोकं, मग दहा, मग सगळंच उसळतं. पिल्लू दोन बोटांएवढं. अंधारात जिकडं उजेड जास्त तिकडं जायचं एवढंच त्याला ठाऊक. लाखो वर्षं तो उजेड समुद्राचा होता, आता हॉटेलचा असतो. म्हणून त्यांना हॅचरीतून टोपलीत घेऊन पाण्यापासून थोडं अलीकडं सोडतात. पाण्यात सोडत नाहीत. तेवढी वाळू त्यांना स्वतः चालू द्यायची असते. मोठी होऊन माद्या अंडी घालायला परत त्याच भागात येतात, आणि त्या ओळखीची सुरुवात या वाळूवर होते असं म्हणतात.

बातमी गावात गेली. साडेसहापर्यंत दोनशे माणूस जमा झालं. जवळच्या रिसॉर्टमधली कुटुंबं, गावातली पोरं, कडेवरची पोरं, मोबाइल वर करून पुढं सरकणारे. आम्ही तिथं चौघे. गार्ड ओरडतोय, कुणी ऐकत नाही, आणि पायाखाली दोन बोटांएवढी पिल्लं. मला घाम फुटला.

तेव्हा त्या मंडळाची पोरं पुढं आली. कुणी सांगितलं नाही. टपावरच्या सामानाची नायलॉन दोरी सोडली, दोन बाजूंना सहा-सहा जण उभे राहिले, दोरी कमरेला लावली आणि मागं झुकले. मधून पंधरा फुटांची वाट मोकळी. ‘मागं, मागं, ताई मागं, पोराला उचलून घ्या, दादा फ्लॅश बंद.’ तोच आवाज, तोच सूर, जो आपण विसर्जनाला वर्षानुवर्षं ऐकतो. दोनशे माणसं मागं सरली. त्र्याऐंशी पिल्लं त्या वाटेनं पाण्यात गेली. एक उलटं पडलं होतं, तेही आपलं आपण सरळ झालं. गार्ड माझ्याकडं बघून म्हणाला, ही पोरं कुठून आणलीत?

तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

बेळगावच्या विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. कपिलेश्वर तलावापर्यंत चोवीस-चोवीस तास दोरी धरून पोरं उभी असतात. कुणाचा पाय चाकाखाली जाऊ देत नाहीत. नवरात्रात दुर्गामाता दौडीला नऊ दिवस पहाटे चारला उठतात. अनवाणी. जागरण, चालणं, गर्दीला हात न लावता मागं सारणं, कंटाळा आला तरी जागा न सोडणं, हे सगळं ज्या पोरांच्या अंगात मुरलेलं आहे ती पोरं माझ्या माहितीत फक्त मंडळात आहेत. पुण्या-बेंगळुरूहून तिथं येणारी मंडळी चांगली असतात, कॅमेरे भारी, माहिती माझ्याहून दहापट. पण दोरी धरायला सांगितलं की इकडंतिकडं बघतात.

खानापूरचा माझा एक मित्र विचारतो, घराशेजारचं भीमगड सोडून समुद्राला कशाला मरायला जातोस? प्रश्न बरोबर आहे. भीमगड अभयारण्य आपल्याच खानापूर तालुक्यातलं, २०११ साली जाहीर झालं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं वटवाघूळ तिथं बारापेडेच्या गुहांत आहे, म्हादई तिथल्याच डोंगरातून निघून गोव्याच्या समुद्राला जाते. पण जंगलाला गेट आहे, नाका आहे, रात्री आत जाऊ देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. तिथं आपण न जाणं हीच मदत. किनाऱ्याला गेट नाही. चार-पाच किलोमीटरची वाळू, दहा वाटांनी उतरता येतं, आणि राखायला एक गार्ड आणि दोन हंगामी वॉचर. तिथं माणूस कमी पडतो.

मागणं असं. डिसेंबर ते एप्रिल, एका मंडळानं दोन पोरं द्यायची, चार रात्रींसाठी. दोनच. बस भरून नको. वय अठराच्या वर. मंडळाच्या लेटरहेडवर नावं, आधारची झेरॉक्स, ते मी वनखात्याच्या कचेरीत देईन, त्यांनी हो म्हटल्यावरच निघायचं. परस्पर कुणी जाऊ नये, गेल्यास मी ओळख देणार नाही. कोणती पोरं पाठवायची ते तुम्हाला मी सांगायला नको. स्टेजवर असतात ती नकोत. मंडपामागं कनात बांधत असतात ती पाहिजेत.

कामाबद्दल खोटं सांगत नाही. चारपैकी तीन रात्री काहीही दिसत नाही. भरतीच्या वेळा धरून वाळूत दोन-तीन किलोमीटर चालायचं, परत यायचं, बसायचं, डास. कुत्र्यांना न मारता हाकलायचं, ही एक कला आहे आणि तिला दोन रात्री लागतात. दिवसा उन्हात जाळ्यांचे तुकडे गोळा करायचे. ट्रॉलरवाल्यांनी टाकून दिलेली जाळी पाण्यात तशीच तरंगत राहते, कासव तिच्यात अडकतं आणि बुडून मरतं. हो, बुडून. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. असं एक माझ्यासमोर किनाऱ्याला लागलं होतं, पुढच्या पायात हिरवा नायलॉन हाडापर्यंत रुतलेला. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मी काही हळवा माणूस नाही. बाकी काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य मराठीत, कोकणीत, कानडीत, हिंदीत सांगत राहणं. शंभराव्या वेळीसुद्धा हसून.

काय नको तेही सांगतो, कारण मंडळाला काही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘टी-शर्ट कुठला कलर?’ टी-शर्ट नको. उद्घाटन नको. देणगी नको. आणि फ्लेक्स तर नकोच नको. माझा धंदा असून सांगतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेनं बारा बाय आठचा ‘कासव वाचवा’ फुकट छापून नेला होता. चौथ्या दिवशी वाऱ्यानं फाटला आणि निम्मा समुद्रात गेला. कासवं पिशव्यांना जेलीफिश समजून गिळतात, आणि ‘कासव वाचवा’ हे अक्षर पोटात जाऊन एखादं मेलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो? आता तिथं लाकडी फळ्या आहेत, रंगानं लिहिलेल्या, मराठीतसुद्धा. त्याच वर्षी मी फोनचा फ्लॅशही मारला होता, गार्डनं भर रात्री फोन काढून घेतला. तेव्हा चुका सगळे करतात.

सहलीला जाणार असाल, आणि जाणारच, तर गाडी रस्त्यावरच ठेवा. वाळूतल्या गाडीखाली घरटं आहे का ते वरून दिसत नाही. चाकाच्या चरीत पिल्लू पडलं की त्याला वर चढता येत नाही, तिथंच फिरत राहतं आणि उजाडलं की कावळे येतात. चिकनची हाडं परत आणा. तुम्ही टाकता, कुत्री जमतात, तुम्ही जाता, कुत्री राहतात आणि मग घरटी उकरतात. अंधार पडल्यावर लाइट आणि साउंड वाळूच्या बाजूला नको. एवढंच. बाकी मजा करा, मीही केली आहे.

‘माणसाचं आधी बघा, मग कासवाचं’ असं कुणीतरी म्हणणार. कारखान्याचं बिल थकलंय, पोरांना नोकरी नाही. खरं आहे सगळं. पण आपण मंडळात अडचणी संपल्यावर गणपती बसवतो असं कधी झालंय का? महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढं दगडी कासव असतं, त्याला हात लावून मगच आत जातो. तो हात लावायला कुणी नोकरी लागायची वाट बघत नाही.

आणि हे काही वनखात्याचं किंवा शहरी शिकलेल्यांचंच काम नाही, हे वेळासवाल्यांनी दाखवलंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली तिथं सुरुवात केली, पण घरटी राखली ती गावानं. आज लोक मुद्दाम पिल्लं बघायला तिथं जातात आणि गावात राहतात, जेवतात, पैसे देतात. आपल्याकडं गाव कमी पडत असेल तर घाटावरून दोन हात द्यायला काय हरकत आहे? ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलं. पूर्वेचा समुद्र सोडून पश्चिमेला. आपल्याला बेळगावहून कारवार लांब वाटतं.

त्या सहलीतल्या पोरांपैकी दोघं यंदा माझ्याबरोबर येत आहेत. एक वडगावात कापडाच्या मागावर बसतो, दुसरा उद्यमबागला लेथवर आहे, त्याला रजा मिळाली तर. बाकी पोरं तुमच्याकडून पाहिजेत. पहिली जोडी मार्गशीर्षात, दत्तजयंती झाली की निघेल. दुकानात संध्याकाळी सातनंतर या, तोवर मशीन चालू असतं आणि बोललेलं ऐकू येत नाही. येताना बॅटरी घेऊन या. तिच्या काचेवर लाल कागद लावावा लागतो, लाल उजेडानं कासव कमी बिचकतं. स्टिकरच्या कातरणातले लाल व्हायनलचे गोल तुकडे मी कापून ठेवले आहेत. मंडळामागं दोन.

आपला,
एक जुना सेक्रेटरी,
शहापूर, बेळगाव